उतरणीची वाट

डोंगरावर जाण्याआधी बारकाईने आखणी करावी, की देवावर भरवसा ठेवून निघावे? प्रश्न साधा दिसतो. परंतु शुभवर्तमानाच्या वाचकाला तो थांबवतो. उद्याच्या चिंतेत जगू नये, अशी शिकवण प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात दिली. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हेही त्यानेच सांगितले. या दोन शिकवणींचा मेळ कसा घालावा?

आपण रतनगडाचे उदाहरण घेऊ. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या मुख्य धारेवर सुमारे १,३०० मीटर उंचीवर हा गड उभा आहे. त्याच्या पूर्व अंगाचे पाणी प्रवरेवाटे गोदावरीला मिळते, तर पश्चिमेचे कोकणात उतरते. पायथ्याला रतनवाडी आणि अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर. तेथून रानातून चढत, लोखंडी शिड्यांवरून गणेश दरवाजा गाठायचा. माथ्यावर कातळाला आरपार पडलेल्या नेढ्यापाशी जायचे. मग त्र्यंबक दरवाज्याच्या खोदीव, उंच पायऱ्या उतरून, खुट्टा नावाच्या सुळक्याजवळून गडाला वळसा घालीत पुन्हा रतनवाडीच्या वाटेला लागायचे.

गेल्या वाटेनेच परतायचे असले, तर वाटेतले प्रत्येक झाड ओळखीचे झालेले असते. फेऱ्यात मात्र परतीची वाटही नवीन असते. पाय थकलेले, ऊन कललेले आणि समोर अनोळखी उतार! शिवाय एका टप्प्यानंतर मागे फिरणे हे पुढे जाण्याइतकेच लांब पडते. म्हणून अमुक वाजेपर्यंत नेढ्यापाशी पोहोचलो नाही, तर शिड्यांच्याच वाटेने परतायचे, हा निर्णय घरीच झालेला बरा. माथ्यावर तो घेऊ पाहिला, तर हौस आणि अहंकार दोन्ही आपल्या कानाशी बोलू लागतात.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा हिशेब मांडला. दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढणीला आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट माणसाचा आहे. वीस जणांच्या गटात शिडीवर एकेकाने चढायचे, तोवर इतरांनी थांबायचे. दम लागलेला मुलगा लाजेने बोलत नाही. त्याच्या पावलांचा हिशेब ज्या आखणीत नाही, ती आखणी केवळ पुढे चालणाऱ्यांच्या सोयीची होय. आणि आपण वाट चुकलो, तर अंधारात शोधायला निघणार ते वाडीतले लोक. दिवसभर राबलेल्या त्या माणसांनी आपल्या बेफिकिरीची किंमत का मोजावी? आखणी हा शेजारप्रीतीचाच एक भाग आहे, असे आम्हांला वाटते ते यासाठी.

मग श्रद्धेचे काय? मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असा मोह सैतानाने प्रभूला घातला होता. देवाची परीक्षा पाहू नये, हे प्रभूचे उत्तर आपण जाणतो. पाणी पुरेसे न घेता, वाट माहीत असलेल्या माणसाला सोबत न घेता निघणे, आणि त्याला भरवसा म्हणणे, हे त्या मोहाच्या फार जवळ जाते. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाच्या घटकांत दूरदृष्टीला प्रमुख स्थान दिले आहे. लॅटिनमध्ये तिला जो शब्द आहे, तोच देवाच्या पालनहार योजनेलाही आहे. दूरदृष्टीने वागणारा माणूस देवाचे काम हिरावून घेत नाही. आपल्या वाट्याचे काम तेवढे करतो.

पुढे १९२२ साली अकरावे पायस म्हणून पोप झालेले फादर आकिल्ले रात्ती हे कसलेले गिर्यारोहक होते. १८८९ साली मोन्ते रोझा पर्वताच्या पूर्वेकडील कड्याने चढून गेल्यावर त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी शिखराखालच्या एका अरुंद कपारीत रात्र काढली. अंधारात पाऊल टाकण्यापेक्षा पहाटेची वाट पाहणे त्यांनी पसंत केले. असे थांबणे हीदेखील श्रद्धा आहे.

सारा हिशेब झाल्यावरही ढग अचानक उतरतात, पाय मुरगळतो. तेथे आपले हात खरोखरच तोकडे पडतात आणि प्रार्थनेला जागा होते. उद्याची चिंता सोडायची ती हीच. उद्याची तयारी नव्हे. आपल्या धर्मग्रामातील तरुण सहलीच्या बैठकीला बसतील, तेव्हा सर्वांत सावकाश कोण चालतो, हे त्यांनी प्रथम विचारावे. त्याच्या वेगाने फेरा आखावा, परतीची वेळ घरी सांगून ठेवावी, आणि मग देवाचे नाव घेऊन निर्धास्तपणे निघावे.