रुमालाची गाठ आणि संमतीचा प्रश्न

घरातील जुनी कागदपत्रे अभिलेखागाराच्या स्वाधीन करण्याच्या कृतीला आपण दानाची भाषा लावतो. देणाऱ्याला आपण काय देत आहोत याचे ज्ञान असावे, ही दानकल्पनेतील प्राथमिक अट होय. मालवण किनाऱ्यावरील जुन्या घरांच्या बाबतीत नेमकी हीच अट बहुधा पुरी होत नाही. माळ्यावरच्या पेटाऱ्यात रुमालात बांधलेले जुने कागद बव्हंशी मोडीत असतात. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून व कचेऱ्यांतून मागे पडली आणि पुढच्या पिढ्यांना स्वतःच्याच घरचे कागद परके झाले. वारस जे देतो ते त्याने वाचलेले नसते. त्याची संमती ही न वाचलेल्या संहितेला दिलेली संमती असते, आणि अशा संमतीचे नैतिक मूल्य काय, हा प्रश्न आपल्या इतिहासविचाराने फारसा विचारलेला दिसत नाही.

न विचारण्यालाही परंपरा आहे. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. घरोघरची दप्तरे मिळवणे हे तेव्हा राष्ट्रकार्य होते आणि दप्तर न दाखवणारा मालक हा अडसर. राजवाड्यांची दृष्टी केवळ राजकारणापुरती नव्हती हे मान्य करूनही, ‘ऐतिहासिक’ आणि ‘घरगुती’ अशी जी वाटणी त्या काळात रूढ झाली ती रुमालाला ठाऊक नव्हती, असे म्हणावे लागते. रुमालात गहाणखताला लागून जन्मपत्रिका असते, देवस्थानाच्या मानापानाच्या कागदाखाली मुंबईस गेलेल्या मुलाचे पैशाची अडचण कळवणारे पत्र असते. हे सांनिध्य हाही अर्थाचाच एक भाग असतो. गाठ सोडून कागद निरनिराळ्या फायलींत गेले की प्रत्येक कागद सुटा वाचता येतो, पण घर वाचता येत नाही.

मुख्य अडचण मात्र याहून खोल आहे. दप्तर ज्याच्या घरी राहिले तो आणि दप्तरात ज्याचे नाव आले तो, ही एकच व्यक्ती नव्हे. दक्षिण कोकणातील खोताच्या वहीत कुळांची नावे, त्यांची थकबाकी, त्यांच्या अंगठ्यांच्या निशाण्या आहेत. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १९४९ च्या कायद्याने ती गेली. जमीन हलली, वही जागच्या जागी राहिली. सत्तेशी गाठ पडली नसती तर ज्यांचा मागमूसही उरला नसता, अशा माणसांविषयी फूकोने १९७७ साली लिहिले. कुळाच्या संदर्भात ते विधान एका अर्थी अधिकच बोचरे ठरते, कारण येथे कुळाचे नातवंड शेजारच्या वाडीतच राहत असते. अभिलेखागार खोताच्या वारसाचे आभार मानते, त्याच्या अटी लिहून घेते. वहीतल्या नावांना मात्र कोणी काही विचारत नाही.

मग वही बंद ठेवावी काय? हे उत्तर सोपे आहे म्हणूनच संशयास्पद आहे. कुळाच्या प्रतिष्ठेच्या नावाखाली येथे बहुधा खोताचीच प्रतिष्ठा राखली जाईल. पेशवाईतील कागदांत कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या नोंदी येतात. तिथे त्या बाईचे नाव झाकणे म्हणजे विकणाऱ्याला झाकणेच होय. ज्या कागदाने तिला वस्तू केले, त्याच कागदाखेरीज तिच्या अस्तित्वाची दुसरी खूण कदाचित नाही. तो वाचणे हा तिच्यावरचा दुसरा अन्याय की पहिल्या अन्यायाची साक्ष, हे कागदाचे वय ठरवू शकत नाही. वाचणारा ते कशासाठी वाचतो यावर ते ठरते.

वयाचा निकष इथे आणखी एका कारणाने लंगडा पडतो. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात सरकारी कागद खुले करण्यासाठी तीस वर्षांची मर्यादा आहे. सिंधुदुर्गातील गावऱ्हाटीत तीस वर्षे म्हणजे कालचीच गोष्ट. पालखीला पहिला खांदा कोणाचा, कौल प्रथम कोणी घ्यावा, याचे वाद पिढ्यानुपिढ्या चालतात आणि जुना कागद त्यात पुरावा म्हणून उभा राहतो. संशोधकाच्या दृष्टीने निवृत्त झालेला कागद गावाच्या दृष्टीने अजून नोकरीत असतो.

न देणे हेही निर्दोष नाही. पावसाळ्याची ओल, खारा वारा आणि वाळवी यांना संमती लागत नाही. वेंगुर्ल्याच्या डच वखारीचे सतराव्या शतकातील कागद हेगच्या अभिलेखागारात शाबूत आहेत. किनाऱ्यावरच्या घरांचे कागद गेले, तर हा किनारा परक्या व्यापाऱ्याच्या हिशेबातूनच ओळखला जाईल. शिवाय राज्याच्या पुराभिलेख विभागाचे जवळचे कार्यालय कोल्हापुरास, म्हणजे घाटापलीकडे. देरिदाने १९९४ च्या आपल्या व्याख्यानात अभिलेखागार या युरोपीय शब्दाच्या मुळाशी अधिकाऱ्याचे घर आहे, याकडे लक्ष वेधले होते. कागद एका घरातून दुसऱ्या घरात जातो, आणि दोन्ही घरांच्या उंबऱ्यावर कूळ बाहेरच असते.

निदान दोन गोष्टी संस्थांना करता येतील. सूची केवळ देणाऱ्या घराण्याच्या नावाने न करता नोंदल्या गेलेल्या नावांनीही करावी. आणि रुमाल घाट चढण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्याने तो त्या घरातच वाचून दाखवावा. त्या वाचनाला ओसरीवर कोणाकोणाला बसवायचे, हे ठरवणे अर्थातच घरच्यांना जड जाईल.