तोंड एकीकडे, मन दुसरीकडे



गेल्या महिन्यात आपल्या धर्मग्रामातील एका आजोबांच्या दफनविधीला मी हजर नव्हतो, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. दर पहिल्या शुक्रवारी मी त्यांना घरी ख्रिस्तप्रसाद द्यायला जात असे, तेव्हा ते न चुकता म्हणत, "फादर, मला तुम्हीच पोचवायचं." मी हो म्हटले होते. त्यांच्या मुलांनी मोठ्या मनाने माझी समजूत घातली, "विमानालाच उशीर झाला, तुम्ही काय करणार?" पण हे अर्धेच खरे आहे. विमानाला उशीर झाला हे खरे. मी मात्र चुकलो तो खोटेपणामुळे.

बंगळूरहून सकाळी 11.10 चे विमान होते, दफन सायंकाळी पाचला. निघायच्या वेळी फलकावर अर्धा तास उशीर लागला. मग आणखी अर्धा तास, मग पाऊण. काउंटरवरची मुलगी दर वेळी सांगे, "तांत्रिक कारण आहे सर, विमान येतंच आहे." दुसऱ्या एका कंपनीच्या साडेबाराच्या विमानात जागा असल्याचे मी फोनवरून विचारून ठेवले होते, पण 'येतंच आहे' या शब्दावर विसंबून तिकीट काढले नाही. ते विमान माझ्या डोळ्यांदेखत उडाले. त्यानंतर शेजारच्या कॉलेजकुमाराने मोबाइलवर विमानांचा माग दाखवणारे ॲप उघडले. आमचे विमान दिल्लीहून यायचे होते आणि ते तिथून सुटलेच नव्हते. दिल्ली ते बंगळूर अडीच-पावणेतीन तासांचे अंतर. म्हणजे तो 'अर्धा तास' पहिल्यापासूनच अशक्य होता, आणि कंपनीत कुणाला तरी ते नक्की माहीत होते. मी कबरस्तानात पोचलो तेव्हा अंधार पडला होता.

आणि हो, मी त्या मुलीवर ओरडलो. अंगात झगा असताना.

उशीर होणे हे काही पाप नव्हे. हिवाळ्यात दिल्लीवर धुके उतरते, त्याला कोण काय करणार? राग येतो तो खरे न सांगण्याचा. खरे कळले तर प्रवासी पैसे परत मागेल, दुसरीकडे जाईल. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या आशेवर ठेवले की तो जागचा हलत नाही. शिवाय आपल्या देशातील नियमांनुसार ऐन वेळी विमान रद्द केले तर कंपनीला भरपाई द्यावी लागते, पण हवामानासारखे हाताबाहेरचे कारण असेल तर नाही. साहजिकच 'कारण' या शब्दाला किंमत येते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना 'मनात राखून ठेवणे' असा एक प्रकार आम्हांला शिकवला होता. तोंडाने अर्धे वाक्य बोलायचे आणि उरलेले मनात म्हणायचे, की झाले खरे! 'विमान येतंच आहे' (मनात: कधीतरी). काही नीतिशास्त्री याचे समर्थन करीत. पोप अकरावे इनोसंट यांनी 1679 साली ते धिक्कारले. आम्ही वर्गात हसलो होतो, की असे कोण बोलत असेल?

संत ऑगस्टीन यांनी खोटे बोलण्यावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले. ते म्हणतात, ज्याच्या मनात एक आणि तोंडात दुसरे, तो खोटे बोलतो. पण त्यांनी मन आणि तोंड एकाच माणसाचे धरले होते. आज तोंड बंगळूरच्या काउंटरवर असते आणि मन दूरच्या नियंत्रण कक्षात. कधी कधी तोंडही नसते. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने रद्द करायचे ठरवून झालेल्या उड्डाणांची तिकिटे विकणे चालूच ठेवले होते. तिथल्या ग्राहक आयोगाने 2023 साली खटला भरला. 2024 मध्ये कंपनीने चूक मान्य केली आणि न्यायालयाने 10 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. पण तिकिटे संगणक विकत होता. मग खोटे नेमके कोण बोलले?

हाच प्रश्न आपल्याच धर्मग्रामातील एका मुलीने मला विचारला. ती मुंबई विमानतळावर एका कंपनीत काम करते. माझी हकिकत ऐकून म्हणाली, "फादर, पुष्कळदा आम्हांलाच काही कळवत नाहीत. पण कधी कधी माहीत असतं, आणि वरून सांगतात, 'अर्धा तास बोल'. मग ते पाप माझं की त्यांचं?"

मी म्हटले, खरे समजून चुकीचे सांगितलेस तर ते खोटे नव्हे. माहीत असून सांगितलेस तर मात्र आहे. संत थॉमस अक्वायनस सांगतात, खोटे बोलू नये, पण सत्य शहाणपणाने झाकता येते. तेव्हा एवढेच म्हण, 'वेळ मला सांगता येत नाही, घाई असेल त्यांनी दुसरी सोय पाहावी.'

ती हसली. "फादर, असं म्हटलं तर दुसऱ्या दिवशी मलाच दुसरी सोय पाहावी लागेल."

यावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हते. घराचे हप्ते आणि आईचे औषधपाणी तिच्या पगारावर आहे. पोट जाण्याच्या भीतीने दोष पुसला जात नाही, पण हलका होतो, असे नीतिशास्त्र सांगते. आणि जो हलका होतो तो हवेत विरत नाही. तिच्या हाती एकही खरे वाक्य राहू नये अशी व्यवस्था ज्यांनी केली, त्यांच्याकडे तो जातो. माझ्या ओरडण्याचा त्यांना काडीचाही उपद्रव झाला नाही. ते ओरडणे झेलायलाच तर ती मुलगी तिथे उभी केलेली असते! आता मी कंपनीला लेखी तक्रार पाठवली आहे, तारीख-वेळेसकट. दाद मिळाली नाही तर सरकारच्या 'एअरसेवा'कडे जाईन. तुमच्यावर वेळ आली तर तुम्हीही लिहा, आणि काउंटरवरच्या मुलामुलींशी जरा सबुरीने बोला. त्यांतली काही आपल्याच वाड्यांतली आहेत.

एक गोष्ट उरते, ती सांगायला जड जाते. दुपारी दोन ते चार मी झोपतो. त्या वेळी फोन आला तर 'फादर मीटिंगमध्ये आहेत' असे सांगायचे, हे आपल्या कार्यालयातील ताईंना मीच सांगून ठेवले होते. सहा वर्षे त्या ते सांगत आल्या. मन माझे, तोंड त्यांचे.

गेल्या सोमवारपासून 'फादर झोपले आहेत, चारला उठतील. कुणी अत्यवस्थ असेल तर आत्ता उठवते' असे सांगायचे ठरले आहे. पहिल्याच दुपारी एका बाईंनी विचारले, "रोज दोन तास?"