दुःख कोणाचे मोजावे?

मुलगा रडला की आपल्याकडे त्याला ‘रडूबाई’ म्हणतात. हा शब्द घराघरांत आहे, शाळेच्या पटांगणात आहे. या एका शब्दाने दोघांचा अपमान होतो. एक त्या मुलाचा, कारण त्याचे दुःख खोटे ठरते. दुसरा समस्त स्त्रीवर्गाचा, कारण रडणे म्हणजे बाईपण आणि बाईपण म्हणजे कमीपणा, हे त्यात गृहीत धरलेले असते.

इंग्रजीत चित्रकथा आणि चित्रपटांच्या चाहत्यांमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, उलट बाजूने टोचणारा एक शब्द रूढ झाला आहे. तो शब्द ‘मॅनपेन’, म्हणजे पुरुषी दुःख. या कथांवरचे चित्रपट आपली मुलेही पाहतात. तेव्हा या शब्दामागे कोणता नैतिक प्रश्न आहे, हे आपण समजून घेतले पाहिजे.

त्या वाचकांची तक्रार अशी की, कथेत पत्नी, प्रेयसी किंवा मुलगी मारली जाते. परंतु कथा तिची होतच नाही. तिच्या मरणाने नायकाला किती दुःख झाले, एवढेच सांगितले जाते. तो खिडकीशी उभा राहतो, सूडाची शपथ घेतो. जिचा जीव गेला ती मात्र त्याच्या शपथेचे निमित्त बनून राहते.

उदाहरण घेऊ. १९९४ साली ‘ग्रीन लँटर्न’ या अमेरिकन चित्रकथा-मालिकेच्या ५४ व्या अंकात नायक काइल रेनर घरी येतो, तेव्हा त्याची प्रेयसी अलेक्झांड्रा डेविट हिचे प्रेत त्याला घरातल्या फ्रीजमध्ये आढळते. १९९९ साली गेल सिमोन या वाचक स्त्रीने अशा मारल्या गेलेल्या, जायबंदी केलेल्या किंवा सामर्थ्य हिरावून घेतलेल्या स्त्री-पात्रांची एक यादी केली. यादीला नाव दिले ‘फ्रीजमधल्या स्त्रिया’. पुढे त्या स्वतः चित्रकथा लिहू लागल्या.

यावर कोणी म्हणेल, पुरुष पात्रेही मरतातच की! खरे आहे. सुपरमॅनला १९९२ साली मारले; १९९३ साली तो परतला. १९९३ सालीच बॅटमॅनचा पाठीचा कणा मोडला. तोही बरा होऊन पुन्हा कामाला लागला. परंतु १९८८ च्या ‘द किलिंग जोक’ मध्ये बार्बरा गॉर्डनवर जोकर गोळी झाडतो ती कशासाठी? तिच्या पोलीस कमिशनर बापाला वेड लागावे म्हणून. त्यानंतर २०११ पर्यंत ती चाकांच्या खुर्चीत राहिली. किम येल व जॉन ऑस्ट्रँडर या लेखकांनी तिला ‘ओरॅकल’ या नावाने नवे कर्तृत्व दिले, म्हणून ती वाचली. यावरून हे सिद्ध होते की, लेखकाने मनावर घेतले तर जायबंदी झालेल्या स्त्रीचीही स्वतःची कथा होऊ शकते. प्रश्न लेखकाच्या दृष्टीचा आहे.

मग ‘मॅनपेन’ हा शब्द चांगलाच म्हणायचा काय? येथे सावध राहिले पाहिजे. लेखकाने दुःखाचा हिशेब खोटा मांडला, असे म्हणणे ही टीका झाली. पण पुरुष रडताना दिसला की तो शब्द त्याच्या तोंडावर फेकणे ही टीका नव्हे, ती हेटाळणी आहे. मग तो शब्द आणि आपला ‘रडूबाई’ यांत फरक काय राहिला? एक म्हणतो, तू बाईसारखा रडतोस. दुसरा म्हणतो, तू पुरुष, तुझ्या रडण्यात काही अर्थ नाही. दोन्हीकडे मुलाने अश्रू गिळायचे.

हे मी पुस्तकी म्हणून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा भर तासाला रडू लागला. बापाचे काम सुटले होते, घरात एकाच्याच शिक्षणाचा खर्च झेपत होता, म्हणून त्याच्या बहिणीला शाळेतून काढले होते. पोरे ‘रडूबाई, रडूबाई’ करू लागली. मी त्यांना दटावले, मुलाला जवळ घेतले, पाणी दिले. पुढे आठवडाभर मी सहकाऱ्यांना त्या मुलाच्या कोवळ्या मनाविषयी कौतुकाने सांगत होतो. एके दिवशी तोच मला म्हणाला, “सर, ताईचं काय?” मी गप्प झालो. ती आमच्याच शाळेत दोन वर्ग पुढे होती. मी तिचे नावसुद्धा विचारले नव्हते.

मुलाचे दुःख खोटे नव्हते. त्याला जवळ घेण्यात माझी चूक नव्हती. चूक ही की, मी तेथेच थांबलो. त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. फार उशीर झाला होता. तिचे ते वर्ष बुडाले ते बुडालेच.

किसा गोतमीची कथा आपण विहारात ऐकतो. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरत होती. तथागतांनी तिच्या अश्रूंची थट्टा केली नाही आणि तिचे दुःख जगात सर्वांत मोठे, असेही म्हटले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही तेथून मोहरी आण, एवढेच सांगितले. ती दारोदार गेली आणि प्रत्येक घराचे दुःख तिने ऐकले. त्या कथांतला नायक नेमके हेच करीत नाही. तो आपल्याच दुःखाशी बसून राहतो, दुसऱ्याच्या दारात जात नाही.

म्हणून दुःख पाहण्याची कसोटी साधी आहे. रडणाऱ्याला, मग तो मुलगा असो वा मुलगी, हसू नये. पण त्याचे डोळे पुसून झाल्यावर विचारावे, या दुःखात आणखी कोण आहे, आणि जिच्यावर प्रत्यक्ष घाव पडला ती कोठे आहे? घरी मुलांबरोबर चित्रपट पाहताना हा प्रश्न त्यांना विचारून पाहा. आणि आपल्या घरातून ‘रडूबाई’ हा शब्द आजच काढून टाका.