लेखणी कोणाची, शब्द कोणाचे?



महाविद्यालयात वा विद्यापीठात लेखन शिकवणाऱ्यासमोर एक प्रश्न रोज उभा राहतो, आणि तो केवळ भाषेचा नाही, अमानतीचा आहे. विद्यार्थ्याने आणलेल्या मजकुरात त्याने किती हात घालावा? एक शब्द सुचवला तर ते शिकवणे झाले. अख्खा परिच्छेद लिहून दिला तर त्याला काय म्हणावे?

हा प्रश्न आपल्या घरांपासून दूर नाही. यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेडकडची मुले-मुली आता एम.ए.चा लघुप्रबंध, पुढे पीएच.डी.चा प्रबंध लिहू लागली आहेत. कोणाच्या घरी उर्दू, कोणाच्या घरी वऱ्हाडी, गोरमाटी किंवा कोलामी. मराठीतला प्रबंध मात्र प्रमाण भाषेत हवा. लेखन शिकवणारा वेगळा शिक्षक आपल्याकडे सहसा नसतो. ते काम मार्गदर्शक प्राध्यापकाकडे येते, नाहीतर ओळखीच्या एखाद्या मराठीच्या पदवीधराकडे. मदरशाबरोबर मीही मराठीची पदवी घेतली असल्याने असरच्या नमाजनंतर असे कागद माझ्यापर्यंत पोचतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही; ६० टक्क्यांच्या वर गेल्यास विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होते. परंतु संगणक ताडून पाहतो तो आधीच अस्तित्वात असलेल्या मजकुराशी. दुसऱ्याने नव्याने लिहून दिलेला प्रबंध त्या चाळणीतून अलगद निसटतो. त्याचा हिशेब लिहिणाऱ्याला आणि लिहून घेणाऱ्याला ठाऊक असतो, आणि अल्लाहला.

पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, कर्जाच्या दस्तऐवजाविषयी आहे. तेथे लेखनिकाला सांगितले आहे की त्याने न्यायाने लिहावे आणि लिहिण्यास नकार देऊ नये, कारण लिहिण्याचे ज्ञान त्याला अल्लाहने दिले आहे. मात्र मजकूर कोणी सांगायचा? ज्याच्यावर देणे आहे त्याने. लेखणी एकाची, शब्द दुसऱ्याचा. मला वाटते, लेखन-शिक्षकाची मर्यादा याहून नेमकी सांगता येणार नाही.

येथे जाणकार वाचक अडवतील. त्याच आयतीत अशीही सोय आहे की ऋणको दुर्बल असेल, सांगू शकत नसेल, तर त्याच्या वलीने सांगावे. मग कमकुवत विद्यार्थ्याचा वली शिक्षक का होऊ नये? माझे उत्तर असे: ती सोय आहे ती देणेकऱ्याच्या दुर्बलतेमुळे धनकोचा हक्क बुडू नये म्हणून. पदवी हे कर्ज नव्हे. 'हे काम मला येते' अशी ती स्वतःविषयीची साक्ष आहे. आपली साक्ष दुसरा कसा देणार? आणि या साक्षीवर भरवसा ठेवणारे तिसरेच असतात. उद्या ती मुलगी एखाद्या तालुक्याच्या गावी शिक्षिका होईल, तेव्हा तिच्यासमोर बसलेली चाळीस मुले तिच्या पदवीवरच विसंबून असतील.

आपल्या मुहद्दिसांनी हा धोका फार पूर्वी ओळखला होता. एखाद्या कथन करणाऱ्याला कोणी शब्द सुचवावेत आणि त्याने 'होय, हेच' म्हणून ते आपले मानावेत, याला ते 'तलकीन' म्हणत. अशी सवय असलेल्या रावीला ते कमकुवत ठरवीत. तो माणूस लबाड असेलच असे नाही; फक्त त्याचे आणि दुसऱ्याचे शब्द वेगळे ओळखण्याचा मार्ग उरत नसे.

याचा अर्थ शिक्षकाने हात झटकावेत असा मुळीच नाही. समासात लाल शाईने 'भाषा सुधारा' एवढेच लिहून कागद परत करणे हाही त्या आयतीने मना केलेला नकारच होय, आणि तो अधिक सोज्वळ दिसतो म्हणून अधिक घातक. त्याचा फटका बसतो तो ज्याच्या घरी विचारायला कोणी नाही त्याला. पैसे मोजणारा बाहेरून लिहून आणतो. कोलाम पोडावरचा मुलगा नापास होतो. बद्रच्या युद्धातील ज्या कैद्यांना लिहिता येत होते, त्यांच्याकडून खंडणी म्हणून अन्सारांच्या मुलांना लेखन शिकवून घेतले गेले. त्या मुलांसाठी पत्रे लिहून द्या, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले नव्हते.

मग करावे काय? कागद पालथा ठेवावा आणि विचारावे, 'बेटा, येथे तुला काय म्हणायचे आहे?' ती वऱ्हाडीत सांगेल, उर्दूत सांगेल, अडखळेल; सांगू द्यावे. सांगता आले तर त्या अर्थाला प्रमाण मराठीचे वाक्य कसे बसते हे दाखवण्यात काहीच गैर नाही. सांगता आले नाही, तर उणीव भाषेची नसून वाचनाची आहे, आणि तिला ग्रंथालयाकडे परत पाठवणे हीच मदत.

दुरुस्तीतही अमानत असते. समजा, कापूस वेचणाऱ्या बायांवर लिहिताना एखादीने 'पऱ्हाटी' लिहिले. शिक्षकाने ते खोडून 'कापसाचे झाड' केले, तर भाषा शुद्ध झाली असे त्याला वाटेल. त्या बाया जे बोलल्या ते मात्र पुसले जाईल. असा शब्द राहू द्यावा, हवा तर खाली अर्थ द्यावा.

मोबदल्याविषयीही विचारले जाते. शिकवण्याची आणि शुद्धलेखन तपासण्याची ठरलेली फी घेण्यात मला दोष दिसत नाही. दुसऱ्याच्या नावावर जाणारा प्रबंध लिहून देण्याची फी मात्र घेऊ नये, मग घरची अडचण कितीही खरी असो. आणि प्रबंधाच्या आरंभी ऋणनिर्देशाचे पान असतेच. तेथे सासर-माहेरच्या सर्वांची नावे येतात. भाषा कोणी तपासली, कोणते प्रकरण कोणाच्या सूचनेवरून पुन्हा लिहिले, याचीही दोन ओळींत नोंद व्हावी.