धुराडी थंड असतात तेव्हा

एप्रिल सरता सरता बहुतेक साखर कारखान्यांची धुराडी थंडावतात आणि दसऱ्याच्या सुमारास बॉयलर अग्निप्रदीपनाचा समारंभ होतो. त्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. मधल्या महिन्यांत मॅनहोलमधून ड्रममध्ये उतरून, अंग चोरून एकेका नळीचं तोंड तपासणाऱ्या फिटरचा फोटो कोणी काढत नाही. मला त्याच्या कामाबद्दल फार आदर वाटतो.

कारण बॉयलर आपलं दुखणं लवकर सांगत नाही. पाण्यातले क्षार नळीत आतून साचू लागले, तरी वाफ मिळतच राहते. बगॅस थोडा जास्त जाळावा लागतो, एवढंच. नळी भट्टीत टिकते, ती आतलं पाणी उष्णता वाहून नेतं म्हणून. क्षारांचा थर आडवा आला की उष्णता धातूतच अडकते. नळी मऊ पडते, फुगते आणि एके दिवशी फुटते. पाण्याची पातळी दाखवणारी काचही अशीच फसवते. तिची वाट गाळाने बुजली, तर ड्रममधलं पाणी उतरत असतानाही काचेत ते दिसत राहतं. म्हणून दर पाळीला गेज ग्लास ब्लो करायचा. आणि वर्षभर न उडालेला सेफ्टी व्हॉल्व्ह धड आहे की जागीच चिकटलाय, हे नुसतं पाहून कोणाला कळणार?

खरी कसोटी लागते ती भर हंगामात. यार्डात उसाच्या गाड्या उभ्या, तोडलेला ऊस वाळतोय आणि एक नळी पाझरू लागते. 'एवढा आठवडा ढकला', असा दबाव चहूबाजूंनी येतो. उसाचं नुकसान खोटं नसतंच. 1865 च्या एप्रिलमध्ये मिसिसिपी नदीवरच्या 'सुलताना' आगबोटीलाही अशीच घाई होती; कैदेतून सुटलेल्या सैनिकांना घरी न्यायचं होतं. बॉयलरच्या नीट दुरुस्तीला काही दिवस लागले असते. पत्र्यावर ठिगळ मारून बोट निघाली. काही दिवसांतच तिचे बॉयलर फुटले आणि हजाराहून अधिक माणसं गेली.

'आज बंद करू' म्हणणाऱ्या बॉयलर अटेंडंटच्या पाठीशी चीफ इंजिनिअरने आणि त्याच्या पाठीशी संचालक मंडळाने उभं राहायला हवं. हे हंगामाआधीच लेखी ठरलेलं असावं: नळी पाझरली, काचेतली पातळी संशयास्पद वाटली, की आग काढायची. रात्री दोन वाजताही त्यासाठी त्याला कोणाला फोन करावा लागू नये.