टेस्टर पेटला नाही म्हणून

डहाणू-चिंचणीच्या किनारपट्टीवर दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर घरच्या ओटीवरच बाक टाकून कामाला बसतात. चालता ग्रायंडर मध्येच बंद पडतो. सॉकेटमध्ये टेस्टर घातला, पेटला नाही. लगेच निकाल लागतो, ‘लाइट गेली.’ शेजारच्या खोलीत पंखा मात्र गरगरत असतो.

टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाहीच का? भारतीय दार्शनिक शेकडो वर्षं याच प्रश्नावर भांडले. त्यांच्या पुढ्यात टेस्टरऐवजी घडा होता, एवढंच. जमिनीवर घडा ‘नाही’ हे कळतं कशानं? मीमांसक कुमारिल भट्टांनी सातव्या शतकात सांगितलं, की त्यासाठी निराळं प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं निराळं साधन मानायला हवं. त्याचं नाव अनुपलब्धी. नैयायिकांना, म्हणजे न्याय दर्शनाच्या पंडितांना, हा पसारा नको होता. त्यांच्या मते अभावही डोळ्यांनाच दिसतो. मात्र एक अट दोघांनाही मान्य होती: घडा असता तर तो दिसलाच असता, अशी स्थिती हवी. काळोख्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीच ठरत नाही.

साध्या टेस्टरची गत बऱ्याचदा त्या खोलीसारखीच असते. त्यातल्या निऑन दिव्याचा प्रवाह माणसाच्या अंगातून पुरा होतो. कोरड्या लाकडी स्टुलावर, पायात रबरी चपला घालून उभं राहिलं तर दिवा मिणमिणतो. दुपारच्या उन्हात तेवढंही दिसत नाही. म्हणून जाणता वायरमन टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून पाहतो, मग बंद सॉकेटवर आणि शेवटी पुन्हा चालूवर. कुमारिलांचं नाव त्यानं ऐकलेलं नसतं. अट मात्र तो तंतोतंत पाळतो.

उलटही घडतं. टेस्टर झगझगीत पेटतो आणि यंत्र ढिम्म. फेज आलेला असतो, न्यूट्रल तुटलेला; तो तुटलाय हे फेजवर पेटलेला टेस्टर सांगू शकत नाही. तिथं होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब लावावा लागतो. बल्ब लागला तर दोष यंत्रात. मग प्लग काढून वायर तपासायची, विशेषतः मुठीत शिरते तिथं. रोजच्या वाकण्यानं आतलं तांबं तुटतं, वरचं रबर शाबूत राहतं. नंतर झिजलेले कार्बन ब्रश बघायचे. खाऱ्या हवेत तांब्याच्या जोडांवर हिरवट थर चढतो, तोही खरवडायचा. खंडेनवमीला हळदकुंकवाच्या निमित्तानं यंत्र पुसलं जातं, हा त्या पूजेचा दुर्लक्षित फायदा.

‘असता तर कळलाच असता’ ही अट डहाणू-तलासरी भागानं फार मोठ्या भीतीच्या काळात अनुभवली. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. लोक तंबूत झोपू लागले. शास्त्रज्ञांनी परिसरातच भूकंपमापक बसवले, कारण बारीक हादरे माणसाला जाणवत नाहीत आणि लांबच्या यंत्रापर्यंत पोहोचतातच असं नाही. ‘रात्री काही झालं नाही’ या वाक्याला वजन येतं ते जवळच्या यंत्रामुळे.

प्राभाकरांना, म्हणजे प्रभाकरांच्या पंथातल्या मीमांसकांना, अभाव कळतो कसा हा सगळाच वाद फोल वाटे. अभाव म्हणून वेगळं काही नसतंच, नुसती मोकळी जमीन असते, असं त्यांचं म्हणणं. ग्रायंडरची वायर सोलली की त्यांची बाजू पटू लागते: हाती येतात ती तांब्याची दोन काळवंडलेली टोकं, वेगळं ‘नसणं’ कुठं दिसत नाही. पण त्या दोन टोकांकडे बघून ‘इथं तुटलंय’ असं वायरमन म्हणतो, तेव्हा तो नेमकं काय पाहतो, हे प्राभाकरांनाही समजावून सांगावं लागेल.