सोनं चोरलेली नखं

हैदराबादेत आबिड्सच्या एका सोन्याच्या पेढीत मी काउंटरवर असतो. गिऱ्हाईक दागिन्याआधी दाखवणाऱ्याची बोटं बघतं. माझ्या नखांवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे आहेत, दोन नखांखाली तेलाचा थेंब पसरावा तसा पिवळट-तांबूस डाग आहे आणि अंगठ्याचं नख टोकाकडून सुटून पांढरं पडलंय. ‘भाई, नाखूनां को क्या हुआ?’ असं विचारत बायका बांगडी स्वतःच उचलून घेतात.

पितृपक्षात काचीगुड्याच्या काकांनी या नखांमुळे मला श्राद्धाला ब्राह्मण म्हणून पानावर बसवलं नाही. राग नव्हता त्यात; काका शास्त्रानं चालणारे. रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडतात, तिथून मनुस्मृती आणून मी पडताळून पाहिलं. काका बरोबर होते. श्राद्धाला वर्ज्य माणसांत वाईट नखांचा माणूस आहे, आणि अकराव्या अध्यायात कारणही दिलंय: सोन्याची चोरी, या जन्मातली किंवा गेल्या जन्मातली. वसिष्ठ धर्मसूत्रात त्यावर बारा दिवसांचं कृच्छ्र प्रायश्चित्त सांगितलंय. ‘या जन्मातली’ हे शेठजींच्या वाचनात येऊ नये एवढीच इच्छा.

पेढीत एक ग्रॅम कमी भरलं तर वही निघते, कॅमेरा बघतात, ज्याच्यावर आळ आला तो खिसे उलटे करून दाखवतो. गेल्या जन्मीच्या आळाला खिसेच नाहीत. चोरी आठवत नाही, सोनं परत कुणाला द्यायचं ते ठाऊक नाही. मग या शिक्षेनं सुधारायचं कुणी? काका म्हणतात, कर्म मानलं की जगात अन्याय उरत नाही, मनाला आधार मिळतो. मिळतो, नाकारत नाही. आईनं त्याच आधारावर पुष्कळ सोसलं. पण आपल्या दुखण्याबद्दल आपण म्हटलं तर तो आधार, दुसऱ्याच्या दुखण्याबद्दल म्हटलं की फिर्याद.

आणि शास्त्र एकच कुठंय? सुश्रुतानं हाच विकार निदानस्थानात क्षुद्ररोगांत घातला आणि कारण दिलं मार लागणं. सोन्याचं नावही नाही. माझं निदान सोरायसिस. यात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच त्वचेवर उलटते. कल बहुधा वारशानं येतो, आणि मार लागला की दुखणं भडकतं. म्हणून नखं बारीक कापायची, खालचा मळ कोरायचा नाही. आधी एका औषधाच्या दुकानदारानं बुरशी समजून महिनोन्महिने मलम दिलं होतं. त्वचेच्या डॉक्टरांनी नखाचा तुकडा कापून बुरशीसाठी तपासायला पाठवला, टाळू आणि कानामागची कातडी पाहिली, सकाळी बोटांचे सांधे आखडतात का ते विचारलं, कारण नखांच्या सोरायसिसमागून सांधेही धरू शकतात. सध्या नखाच्या मुळाशी स्टेरॉइड आणि कॅल्सिपोट्रिऑलचं मलम लावतो. नाही भागलं तर मुळाशी इंजेक्शन. आजार पसरला तर मेथोट्रेक्सेट किंवा बायोलॉजिक. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे सहा महिने धीर धरायचा.

काका प्रामाणिक. चरकाचं विमानस्थान त्यांनीच काढून दिलं: आयुष्य सगळं ठरलेलंच असतं तर औषधं कशाला, पिसाळलेल्या हत्तीपासून तरी कशाला पळायचं? ‘औषध घे,’ म्हणाले, ‘पानावर मात्र नखं बरी झाल्यावर.’

भाद्रपदापर्यंत होतीलही. पण डॉक्टर म्हणतात, हे दुखणं दबतं आणि पुन्हा उलटतं. म्हणजे काकांच्या हिशेबानं मधल्या काळात मी पुन्हा सोनं चोरलेलं असणार.